छातीचा पट्टा घ्यावा की मनगटी घड्याळ?

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४८, वजन ७४ किलो. दिवाळीपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चढून येते आणि तीन दिवस संध्याकाळी जिममध्ये जाते. तिथे ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर वेगाने ४० मिनिटे चालले की यंत्र ३१० कॅलरी दाखवते आणि त्याच वेळी फोनमधले ॲप १९० दाखवते. यातले खरे काय? मुलगा स्मार्टवॉच घे म्हणतो, जिममधले प्रशिक्षक हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या म्हणतात. पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. नक्की किती कॅलरी खर्च झाल्या हे कळले तर त्याप्रमाणे जेवण ठरवता येईल. तीन वर्षांपासून ब्लडप्रेशरची एक गोळी चालू आहे, बाकी काही त्रास नाही.

उत्तर : ताई, सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी आधी घेतो. आपण ते जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने खरेदीचा निर्णय त्याच्यापासूनच सुरू होतो. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. त्यांतल्या बीटा ब्लॉकर या गटातील गोळ्या हृदयाचे ठोकेच मंद करतात, म्हणजे आपण कितीही जोर लावून चढलात तरी ठोके एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाहीत. गोळ्यांची पट्टी उलटी करून, कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे जे मूळ नाव छापलेले असते ते उजेडात वाचावे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल असे ‘लॉल’ने संपणारे नाव असेल तर ती गोळी बहुधा या गटातली आहे. अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर ठोक्यांवर तसा परिणाम सहसा होत नाही, मात्र एकाच गोळीत दोन औषधे एकत्र असण्याची पद्धत आता सर्रास असल्यामुळे पूर्ण ओळ वाचावी. गोळी ‘लॉल’ची निघाली तर बाजारातील कोणत्याही यंत्राने आखून दिलेले ठोक्यांचे टप्पे आपल्याला लागू पडणार नाहीत आणि ठोक्यांवरून काढलेला कॅलरींचा आकडाही कमी येईल. अशा वेळी ठोके किती चढू द्यावेत हे आपल्या डॉक्टरांनीच सांगायचे असते. व्यायामात आकडे नीट यावेत म्हणून गोळी पुढे-मागे करणे किंवा चुकवणे हे कृपा करून कधीही करू नये.

आता यंत्राकडे वळतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : आपल्या चढाच्या व्यायामासाठी आणि आपल्या खर्चाच्या मर्यादेत, ब्लूटूथवर चालणारा छातीचा साधा पट्टा घ्यावा. आपले प्रशिक्षक बरोबर सांगत आहेत. मुलाचे म्हणणे चूक आहे असे नाही, पण घड्याळ दिवसभराच्या वापरासाठी चांगले आणि चढावर त्याच्यावर पूर्ण विसंबणे कठीण.

याचे कारण दोन्ही यंत्रांच्या मोजण्याच्या रीतीत आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूतून विजेचा एक सूक्ष्म तरंग जातो आणि तो छातीच्या कातडीपर्यंत पोचतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला असलेले दोन पट्टे हा तरंग टिपतात. दवाखान्यात ईसीजी काढताना जे तत्त्व वापरतात तेच हे, फक्त इथे ठोक्यांची संख्या तेवढी मोजली जाते. घड्याळ मात्र विजेला हात लावत नाही. त्याच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो, ठोक्यागणिक रक्त पुढे सरकले की परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके ओळखते. हात स्थिर असेल, पट्टा घट्ट असेल, कातडी उबदार असेल तर हे काम ते चांगले करते. खुर्चीवर बसलेले असताना किंवा झोपेत घड्याळाचा आकडा सहसा विश्वास ठेवण्याजोगा असतो. हात झुलू लागला, थंडीने मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसल्या किंवा घड्याळ सैल असले की गडबड सुरू होते. डिसेंबरात पहाटे साडेपाचला किल्ल्याच्या वाटेवर यातल्या तिन्ही गोष्टी एकदम घडतात.

हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी थंडीत यवतेश्वर घाट धावत उतरताना माझ्या मनगटावरचे घड्याळ १७२ ठोके दाखवू लागले. उतार होता, श्वास शांत होता, बरोबरच्या मित्राशी बोलणे चालू होते, तरी आकडा हलत नव्हता. मी कठड्याशी थांबलो, लगेच डाव्या मनगटावर दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजले. तेहतीस ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १३२. पुन्हा धावायला लागल्यावर पावले मोजली, तर ती मिनिटाला १७२ च्या आसपास पडत होती. घड्याळ माझ्या हृदयाऐवजी माझी पावले मोजत होते, कारण प्रत्येक पावलाबरोबर हाताला बसणारा हिसका त्याला ठोक्यासारखाच दिसत होता. या चुकीचा धोका असा की आकडा अशक्य वाटत नाही. धावणाऱ्या माणसाचे ठोके १७२ असूही शकतात, त्यामुळे शंका येत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर छातीचा पट्टा लावून गेलो तेव्हा आकडा १३० ते १३८ च्या मध्ये राहिला.

पट्टा आणि मनगट ही जोडी तशी जुनी आहे. फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ मध्ये छातीवरून मनगटाकडे बिनतारी संदेश पाठवणारे यंत्र बाजारात आणले, ते बर्फावरून लांबच लांब अंतर स्कीवर कापणाऱ्या खेळाडूंच्या गरजेतून. तेव्हापासून पट्टा बारीक आणि मऊ झाला, संदेश फोनपर्यंत पोचू लागला, पण मोजण्याची रीत तीच राहिली.

छातीचा पट्टा स्त्रियांना अडचणीचा वाटतो, हेही मला ठाऊक आहे आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. तो छातीच्या उभाराखाली, स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या अगदी लगत किंवा तिच्या आत बसवायचा असतो. पहिले आठ-दहा दिवस तो जाणवतो, घामाने काचतोही. इतका घट्ट असावा की दीर्घ श्वास घेतला तरी सरकणार नाही, आणि इतका सैल की श्वास अडणार नाही. पंधरा दिवसांनंतरही तो नकोसाच वाटला तर दंडावर बांधायचा हिरव्या दिव्याचा पट्टा मिळतो. रीत घड्याळाचीच, पण दंडावर मांस जास्त आणि हालचाल कमी, त्यामुळे मनगटापेक्षा तो बराच विश्वासू ठरतो. माझ्या ओळखीच्या अनेक स्त्रिया तोच वापरतात आणि समाधानी आहेत. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी मात्र छातीचा पट्टा घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना फार गोष्टी पाहायच्या नसतात. पट्टा ब्लूटूथवर चालतो ना, एवढे आपल्यासाठी पुरेसे आहे, कारण त्याचा संदेश व्यायामाची बहुतेक ॲप वाचू शकतात. बरोबर अँट प्लस ही बिनतारी जोडणीची दुसरी सोय असेल तर जिममधल्या काही यंत्रांनाही तो जोडता येतो. सेल बाहेर काढून बदलता येतो का, आणि कापडी पट्टा स्वतंत्रपणे विकत मिळतो का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. सेन्सर, म्हणजे पट्ट्यावर बसवलेली ठोके टिपणारी छोटी डबी, वर्षानुवर्षे चालतो, कापडी पट्टा मात्र घामाने आधी खराब होतो, आणि तो सुटा मिळाला नाही तर सगळेच नवे घ्यावे लागते. पाच हजारांच्या आत या गरजा भागतात. रक्तातील ऑक्सिजन, ताणतणाव, रक्तदाब असे दहा आकडे देणाऱ्या दीड हजारांच्या बँडच्या मोहात पडू नये. आपल्यासारख्या रक्तदाबाच्या रुग्णाने तर मनगटी बँडवरचा रक्तदाबाचा आकडा उपचारासाठी अजिबात धरू नये. तो रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळूनच मोजावा.

आता कॅलरी. आपली खरी ओढ इथे आहे आणि मला सगळ्यांत जास्त काळजीही इथेच वाटते.

ठोके हे यंत्र मोजते, कॅलरी मात्र ते मोजत नाही, हिशेबाने काढते. हिशेब असा : आपण जितका ऑक्सिजन वापरतो तितकी ऊर्जा खर्च होते, साधारणपणे एका लिटर ऑक्सिजनमागे ५ किलोकॅलरी. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच.) चालणे-धावणे एका लयीत चालू असेल तर ठोके वाढतील तसा ऑक्सिजनचा वापर वाढतो, म्हणून यंत्र ठोक्यांवरून ऑक्सिजनचा आणि त्यावरून कॅलरींचा अंदाज बांधते. यात अडचण अशी की हे नाते प्रत्येक माणसात वेगळे असते. १३० ठोक्यांवर एखाद्या सवयीच्या धावपटूचे हृदय जेवढे रक्त ढकलते तेवढे नवशिक्याचे ढकलत नाही. शिवाय उकाडा, चहा, अपुरी झोप, परीक्षेच्या दिवसांतली धावपळ यांनीही ठोके वाढतात, आणि त्यात जादा ऊर्जा जवळजवळ खर्च होत नाही. जिममध्ये वजन उचलताना श्वास रोखला जातो, ठोके उसळतात, पण त्या प्रमाणात ऑक्सिजन वापरला जात नाही, म्हणून तिथला कॅलरींचा आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रे साठ स्वयंसेवकांवर तपासून पाहिली. सातांपैकी सहा यंत्रांची ठोक्यांतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती, ही चांगली गोष्ट. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, पण हिशेबाचा पाया तोच आहे. छातीचा पट्टा घेतल्याने या हिशेबाला जाणारे ठोके अचूक होतील, हिशेब स्वतः अंदाजाचाच राहील. हे आधी समजून घेऊन पैसे खर्च केले तर नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही.

आपल्या ट्रेडमिलचा प्रश्न मात्र कागदावर सोडवता येतो, कारण सपाटीवर चालण्याचा खर्च वजन आणि वेग यांवरून बऱ्यापैकी काढता येतो. ७४ किलो वजन, ताशी ५ किलोमीटर, ४० मिनिटे, ट्रेडमिलचा पट्टा सपाट : सुमारे १७५ किलोकॅलरी. म्हणजे फोनमधले १९० सत्याच्या जवळ आहे आणि यंत्रातले ३१० बरेच जास्त आहे. आपले वजन त्या यंत्रात भरलेले नसावे अशी शक्यता मला वाटते. तसे असेल तर ते कोणा कल्पित माणसाच्या वजनावर हिशेब करते. शिवाय आपण पुढची दांडी धरून चालत असाल तर खर्च आणखी कमी होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या १७५ मध्ये सुमारे ५० किलोकॅलरी अशा आहेत की ज्या आपण त्या ४० मिनिटांत घरी नुसत्या बसून असतात तरी खर्च झाल्याच असत्या. व्यायामामुळे जादा झालेला खर्च उरतो सुमारे १२५. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण २०० किलोकॅलरी देते आणि मोठासा एक कंदी पेढा शंभराच्या आसपास. ३१० वर विश्वास ठेवून संध्याकाळी दीड भाकरी जास्त घेतली, तर आपण प्रामाणिकपणे चाललेली ४० मिनिटे वजन कमी होण्याच्या दृष्टीने वाया जातात आणि दोष मात्र शरीराला दिला जातो. म्हणून माझा आग्रह आहे की व्यायामाच्या कॅलरी जेवणातून परत घेऊ नयेत. जेवण भुकेप्रमाणे आणि ठरलेल्या मापाने ठेवावे, आठवड्यातून एकदा एकाच वेळी वजन करावे, आणि दोन-तीन आठवड्यांचा कल पाहून मग मापात बदल करावा.

चढाचा हिशेब वेगळा आणि जास्त समाधान देणारा आहे. आपल्या वजनाला शंभर मीटर उंची चढण्यासाठी, चालण्याच्या खर्चाव्यतिरिक्त, सुमारे ६५ ते ७० किलोकॅलरी लागतात. किल्ल्याची वाट दररोज तीच, उंची तीच आणि वजन जवळजवळ तेच, म्हणजे खर्चही जवळजवळ तोच. तरीही तीन महिन्यांनी यंत्र त्याच चढासाठी आजच्यापेक्षा कमी कॅलरी दाखवू लागेल. तेव्हा निराश होऊ नये. सरावाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, त्यामुळे तोच चढ कमी ठोक्यांत होतो, आणि ठोक्यांवर हिशेब करणाऱ्या यंत्राला वाटते की काम कमी झाले. काम तेवढेच झालेले असते, हृदय अधिक सक्षम झालेले असते. मी अनेकांना या टप्प्यावर, आकडा घसरला म्हणून, व्यायामाचा वेग नको इतका वाढवताना आणि गुडघे दुखवून घेताना पाहिले आहे. म्हणून पट्ट्याचा उपयोग कॅलरींसाठी करण्यापेक्षा या घसरणीची नोंद ठेवण्यासाठी करावा, असे मी मनापासून सांगतो.

ते असे करावे. रस्त्यावरची दोन ठिकाणे ठरवावीत, समजा चढ जिथे सुरू होतो तो खांब आणि वरचे एखादे वळण. आठवड्यातून एकदा, शक्यतो सारख्याच हवेत, त्या दोहोंमधले अंतर एका लयीत चढून वेळ आणि सरासरी ठोके वहीत लिहावेत. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मोजलेले ठोकेही त्याच ओळीत लिहावेत. प्रौढ माणसाचे विसाव्याचे ठोके ६० ते १०० च्या दरम्यान असतात, आणि नियमित व्यायामाने ते हळूहळू खाली येतात. एखाद्या सकाळी ते नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त दिसले तर झोप कमी झाली असेल किंवा ताप येऊ घातला असेल. त्या दिवशी चढ सोडून सपाटीवर चालावे.

किती ठोक्यांपर्यंत जावे, हे आपण विचारलेले नाही, पण पट्टा घेतल्यावर पहिला प्रश्न तोच पडेल. ॲप आपले वय विचारून कमाल ठोके सांगेल, आणि बहुधा ते २२० मधून वय वजा करून १७२ सांगेल. दुसऱ्या एका प्रचलित सूत्राने ते १७४ येतात आणि खास स्त्रियांसाठी २०१० मध्ये मांडलेल्या सूत्राने १६४. यांतले कोणतेही एक सूत्र आपल्याला तंतोतंत लागू पडेलच असे नाही, कारण एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे ॲपमधल्या रंगीत पट्ट्यांपेक्षा आपल्या श्वासाला जास्त मान द्यावा. चढताना सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण आहे. त्या वेळी पट्टा जे ठोके दाखवेल तो आपला टप्पा. गोळी ‘लॉल’ची असली तरीही ही खूण बऱ्याच अंशी उपयोगी पडते. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे काही झाले तर आकडा काहीही असला तरी लगेच थांबावे आणि अजिबात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

पट्टा घरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घ्यावी. खुर्चीत पाच मिनिटे शांत बसून मनगटावर बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत, दुप्पट करावेत आणि फोनवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत. मग घरातला जिना दोनदा चढून-उतरून पुन्हा मोजावेत. दोन-चार ठोक्यांचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक वारंवार आला तर परतीची मुदत संपण्याआधी बदलून घ्यावा, म्हणून बिल आणि खोका जपून ठेवावा. सुरुवातीची पाच मिनिटे आकडा उगाच उड्या मारत असेल तर दोष बहुधा कोरड्या पट्ट्याचा असतो. आतले दोन्ही पट्टे बांधण्याआधी ओल्या बोटांनी चांगले भिजवावेत. थंडीत, घाम यायला वेळ लागतो तेव्हा, हे विसरू नये. ॲपमध्ये आपले वय, वजन आणि स्त्री असल्याची नोंद आठवणीने भरावी आणि वजन बदलेल तसे तेही बदलावे. चढून आल्यावर सेन्सर पट्ट्यापासून लगेच सुटा करावा, कारण ओला पट्टा जोडलेलाच राहिला तर अनेक सेन्सर चालूच राहतात आणि सेल लवकर संपतो. पट्टा रोज साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने हाताने धुवावा, पिळू नये. सेल बहुतेक पट्ट्यांत सीआर २०३२ किंवा सीआर २०२५ या क्रमांकाचा नाण्यासारखा असतो आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. बदलताना झाकणाखालची रबरी कडी जागेवर बसली आहे याची खात्री करावी, नाहीतर पावसाळ्यात पहिल्याच सरीत पाणी आत जाते.